कोर्नाती, क्रोएशिया: शिडाच्या बोटीने राष्ट्रीय उद्यानात चार-पाच दिवस. तिकीट, रात्रीचा निवारा, पाणी?

आलेपाक

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुकोशानहून (झादरच्या जवळ) शनिवार ते शनिवार शिडाची बोट भाड्याने घेतली आहे. बोट ४० फुटी, पाण्याखाली जाणारी खोली २ मीटर, नांगराला ५० मीटर साखळी. माणसं सहा: आम्ही दोघं, एक मित्र जोडपं आणि पुण्याहून येणारे आई-बाबा. माझ्याकडे जर्मनीचे एसबीएफ-झे (समुद्रावर बोट चालवायचा परवाना) आणि रेडिओचे एसआरसी, दोन्ही आहेत. शीड हाताळायची सवय बोडनझे तलावावरची आणि थोडी बाल्टिकवरची. एड्रियाटिक समुद्र नवा.

मुख्य आकर्षण कोर्नातीची बेटं, जमलं तर तेलाश्चिसापण. विचारायचं असं: दोन्हींचं तिकीट एकच की वेगवेगळं आणि कुठून काढायचं? रात्री नेमकं कुठे थांबता येतं? तिथे दुकान, नळ, वीज काही नाही असं वाचलं, मग सहा माणसांचं पाणी किती दिवस पुरतं? ‘बुरा’ या तिथल्या वाऱ्याबद्दल सगळे भीती घालतात, ती सप्टेंबरात कितपत खरी? आणि आई-बाबा शुद्ध शाकाहारी, त्यांची जेवायची सोय होईल का?

हॉटेलांच्या याद्या नकोत, प्रत्यक्ष बोट चालवणाऱ्यांनी सांगावं.

---

खारावारा

तिकिटापासून सुरुवात करतो, कारण तिथे लोक हकनाक पैसे घालवतात. कोर्नाती हे राष्ट्रीय उद्यान (१९८०पासून) आणि तेलाश्चिसा हे निसर्ग उद्यान. तेलाश्चिसा आधी कोर्नातीतच होतं, १९८८मध्ये वेगळं झालं. दोन कारभार, दोन तिकिटं, एकावर दुसरीकडे चालत नाही. दोन्हीकडे शुल्क बोटीच्या लांबीवर, माणशी नाही. त्यामुळे सहा जण असणं तुमच्या फायद्याचं. कोर्नातीचं तिकीट उद्यानात शिरायच्या आधी ऑनलाइन किंवा मरीनातल्या (बोटी लावायच्या बंदरातल्या) अधिकृत विक्रेत्याकडे काढलंत तर बरंच स्वस्त पडतं. आत गेल्यावर रेंजर होडी घेऊन येतात आणि तिकीट नसेल तर तिथेच चढ्या दराने फाडतात. जास्त दिवसांचं एकत्र तिकीट सुट्या दिवसांपेक्षा स्वस्त. तारीख मात्र हवामान बघून ठरवा. सोमवारचं तिकीट हातात आहे म्हणून वारा अंगावर घेत आत घुसायचं, हा उफराटा हिशेब.

आता एक गोष्ट जी बोट देणारे घाईत सांगायला विसरतात. सुकोशानहून बाहेरच्या बेटांकडे जायचा सरळ रस्ता म्हणजे उग्ल्यान आणि पाश्मान या दोन बेटांमधली झ्द्रेलाचची खिंड. तिच्यावर पूल आहे आणि पुलाखालची उंची साधारण १६.५ मीटर. ४० फुटी बोटीची डोलकाठी पाण्यापासून १६ ते १८ मीटरपर्यंत काहीही असू शकते, वर व्हीएचएफ रेडिओची अँटेना आणि वारादर्शक धरून अजून अर्धा-एक मीटर. कागदपत्रांत उंची ‘एअर ड्राफ्ट’ म्हणून लिहिलेली असते. ती बघा, त्यात अँटेना धरली आहे का ते विचारा आणि मीटरभर तरी मोकळीक उरत नसेल तर त्या वाटेला जाऊच नका. पाश्मानच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जा. अंतर वाढतं, पण कोर्नातीच्या दक्षिण भागापासून सुरुवात करायची असेल तर तोच रस्ता सोयीचा आहे.

पूल चालत असेल तर सुकोशान ते तेलाश्चिसा १५ सागरी मैलांच्या आसपास. पहिल्या शनिवारी बोट ताब्यात मिळायला संध्याकाळचे ५ वाजतात. सामान लावून निघेपर्यंत अंधार. त्या दिवशी मरीनातच झोपा. बेटांवर दिवे कमी, काही खडकांवर तर नाहीतच, आणि भाडेकरारात रात्री बोट हाकायला बहुतेक वेळा मनाई असते.

माझ्या मते क्रम असा ठेवा: रविवारी तेलाश्चिसा. सोमवारी लेव्हर्नाका (६ मैल). मंगळवारी लाव्सा (६-७ मैल). बुधवारी राव्नी झाकान किंवा ओपात (४-५ मैल). गुरुवारी उद्यानाबाहेर मुर्तेर किंवा झूत. शुक्रवारी संध्याकाळी ६पर्यंत परत, कारण डिझेलच्या पंपावर त्या दिवशी सगळ्या बोटींची झुंबड असते. टप्पे मुद्दाम लहान आहेत. सकाळी ९ला निघून दुपारी १-२पर्यंत जागा धरता आली पाहिजे. ४ वाजता पोहोचणाऱ्याला उरलेली जागा मिळते, आणि ती का उरली ते रात्री कळतं.

---

दीपस्तंभ

वाऱ्याचं मी सांगतो. तिथे चार नावं पाठ असली की निम्मं काम झालं.

माएस्त्राल: वायव्येचा, उन्हाळी दिवसाचा. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यासारखाच उन्हाने जमीन तापली की सकाळी १०-११ला सुरू होतो, सूर्यास्ताला पडतो. शिडासाठी हाच आपला.

बुरा: ईशान्येचा. वेलेबित डोंगराच्या पलीकडे साचलेली थंड जड हवा डोंगरावरून घरंगळत समुद्रावर आपटते. सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्यांनी येतो. १५ नॉट (तासाला सागरी मैल) दिसत असतात आणि पुढच्या मिनिटाला ३५. लाट आखूड आणि टोकदार. वेलेबितच्या माथ्यावर ढगाची पांढरी टोपी बसली की तो येतोय असं समजायचं. हिवाळ्यात तो कडक आणि वारंवार. सप्टेंबरात येतो तो बहुधा शीत आघाडी सरकून गेल्यावर, एखाददोन दिवसांसाठी.

जुगो: आग्नेयेचा. हा आल्याची वर्दी देतो. आकाश शिशासारखं होतं, हवा दमट, वायुभारमापक उतरत जातो, आणि वारा दोन-तीन दिवस चढत राहतो. कोर्नातीची बेटं वायव्य-आग्नेय अशी ओळीने पसरली आहेत, त्यामुळे जुगो बेटांमधल्या खाडीत नळीतून फुंकल्यासारखा सरळ आत येतो. नवशिके बुऱ्याला घाबरतात, पण सप्टेंबरात बेत बिघडवतो तो जास्त करून जुगो.

नेव्हेरा: पश्चिमेकडून येणारं वादळी ढगाचं वावटळ. अर्ध्या तासात येतं आणि जातं, पण त्या अर्ध्या तासात शीड वर असेल तर फाटतं. दुपारी पश्चिमेला काळं दिसलं की जिब (पुढचं शीड) गुंडाळून, मेन (मुख्य शीड) उतरवून ठेवायचं. ढग डोक्यावर येईपर्यंत वाट बघायची नाही.

अंदाज रोज सकाळ-संध्याकाळ क्रोएशियाच्या हवामान खात्याचा (डीएचएमझेड) बघा. फोनवरची रंगीत ॲप ढोबळ वारा बरोबर दाखवतात, बुऱ्याचे झटके मात्र कमी दाखवतात, कारण त्यांच्या चौकटी मोठ्या असतात आणि डोंगर त्यात सपाट होऊन जातो. बोटीचा व्हीएचएफ १६ नंबरवर चालू ठेवा. समुद्रातल्या बचावासाठी फोन नंबर १९५.

आता रात्रीची जागा. कोर्नातीत वाटेल त्या खाचेत रात्र काढता येत नाही, ठरवून दिलेल्या खाड्यांतच. क्रावल्याचित्सा, स्त्रिझ्न्या, व्रुल्ये, ओपात, स्मोक्वित्सा, राव्नी झाकान, लाव्सा, लेव्हर्नाकावरची आनित्सा, शिप्नाते, स्तातिव्हाल ही त्यातली काही. तिकिटासोबतच्या नकाशात पूर्ण यादी असते, तो नकाशा चार्टच्या टेबलावर चिकटवून ठेवा. लेव्हर्नाकाचीच लोयेना खाडी फोटोंमुळे गाजली आहे. कोर्नातीत वाळूचा किनारा दुर्मीळ आणि तो तिथे आहे. दिवसा पोहायला झकास, पण दक्षिणेच्या बाजूला उघडी. पोहून झालं की संध्याकाळी आनित्सात जा.

खाडी निवडताना त्या वेळचा वारा नाही, रात्री २ वाजताचा वारा धरायचा. कोर्नात बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या खाड्यांना (व्रुल्ये, क्रावल्याचित्सा, स्त्रिझ्न्या) बुऱ्याची लाट लागत नाही, कारण बेट मध्ये आडवं येतं. वाऱ्याचे झटके मात्र डोंगरावरून खाली कोसळतात आणि बोट नांगरावर डावी-उजवी झुलत राहते. शेजारच्या बोटीशी टक्कर होते ती या झुलण्यामुळे. एक साखळीवर, दुसरी दोरावर असेल तर दोघींची झुलायची चाल वेगळी.

नांगर टाकायची पद्धत, कारण इथला तळ फसवा आहे. वरून बघितलं तर फिकट ठिगळं म्हणजे वाळू आणि काळपट ठिगळं म्हणजे पोसिडोनिया हे समुद्रगवत. गवतावर नांगर टाकायचा नाही, दोन कारणांनी. एक तर ते संरक्षित आहे आणि फार सावकाश वाढतं, नांगराने उपटलेली पट्टी भरून यायला वर्षानुवर्षं जातात. दुसरं, नांगर त्यात रुततच नाही. मुळांच्या जाळीवरून घसरतो, गवताचा एक पेंढा टोकाला अडकतो आणि बसल्यासारखं वाटतं. झटका आला की पेंढ्यासकट निघून येतो.

म्हणून सूर्य डोक्यावर असतानाच या, ध्रुवीकरण करणारा चष्मा लावा, एक माणूस नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकाला) उभा करा. फिकट ठिगळाच्या वाऱ्याकडच्या कडेवर बोट पूर्ण थांबवून नांगर तळाला टेकवा. ढिगारा करून साखळी ओतू नका, बोट मागे सरकेल तशी सोडत जा. हिशेब असा: पाणी ५ मीटर, नाळेची उंची १.५ मीटर, एकूण ६.५. साध्या हवेला पाचपट म्हणजे ३३ मीटर साखळी. बुऱ्याचा अंदाज असेल तर सातपट, म्हणजे ४५. तुमची साखळी ५० मीटर आहे, म्हणून वाऱ्याच्या रात्री साडेपाच मीटरपेक्षा खोल पाणी तुमच्यासाठी नाही. साखळी टाकून झाली की इंजिन रिव्हर्समध्ये आधी हलकं, मग हळूहळू मिनिटाला २००० फेऱ्यांपर्यंत नेऊन अर्धं मिनिट धरा. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू (भिंतीचा कोपरा आणि मागचं झाड) एका रेषेत धरून बघा. रेषा सरकली तर नांगर सरकतोय. मग मास्क लावून एकाने पोहत जाऊन डोळ्यांनी बघून यायचं. एड्रियाटिकचं पाणी इतकं नितळ की यासाठी सबब चालत नाही.

विंडलास (नांगराची साखळी ओढायचं यंत्र) चालवताना इंजिन चालू हवं, नाहीतर बॅटरी बसते. आणि विंडलासने बोट ओढायची नसते. इंजिनने पुढे जायचं, विंडलासने फक्त सैल झालेली साखळी गोळा करायची. भाड्याच्या बोटींचे फ्यूज याच कारणाने उडतात. त्याचा ब्रेकर कुठे आहे ते बोट ताब्यात घेतानाच विचारा.

---

आलेपाक

@खारावारा, पुलाचं सांगितल्याबद्दल शतशः आभार. आत्ता कागद काढून बघितला: १७.१ मीटर, अँटेना सोडून. म्हणजे पाश्मानला वळसा. मग क्रम उलटा करू का, आधी ओपात आणि शेवटी तेलाश्चिसा?

@दीपस्तंभ, अगदी हेच हवं होतं. पण इतकं वाचून असं वाटतंय की आई-बाबा बोटीवर असताना नांगराच्या भानगडीत न पडता रोज बोया (बोट बांधायचा, तळाला जखडलेला तरंगता गोळा) नाहीतर खानावळीचा धक्का धरावा. चूक आहे का?

---

खारावारा

क्रम उलटा चालेल. मात्र शेवटचा टप्पा तेलाश्चिसाहून परत पाश्मानला वळसा घालत येईल, तो लांब आहे, तेव्हा शुक्रवारी पहाटे निघा. नाहीतर गुरुवारीच अलीकडे येऊन थांबा.

बोया आणि धक्क्याबद्दल दीपस्तंभ काय म्हणतील माहीत आहे, पण मी तुमच्या बाजूने आहे. सहा माणसं, त्यात दोन ज्येष्ठ, आणि कप्तान या समुद्रात नवा. बोया किंवा खानावळीचा धक्का हाच शहाणपणा. खानावळींना तिथे ‘कोनोबा’ म्हणतात. धक्का बहुधा फुकट, अट एकच, जेवण तिथे करायचं. दुपारी फोन करून बोटीची लांबी आणि खोली सांगून जागा राखा. धक्क्यापाशी पाणी किती आहे ते विचारा. २ मीटरची बोट पिछाडीने लावताना मागे असलेलं सुकाणू खडकाला आपटतं, म्हणून पिछाडी धक्क्यापासून दीड-दोन मीटर बाहेर ठेवून फळी टाकतात.

लावायची रीत: दोन्ही अंगांना फेंडर (धक्का झेलणाऱ्या उशा), पिछाडीच्या दोन्ही क्लीटवर (दोर बांधायच्या खुंट्यांवर) दोर तयार. वाऱ्याकडचा दोर आधी द्यायचा. धक्क्यावरचा माणूस पाण्यातून एक शेवाळलेला दोर उचलून हातात देतो. त्याचं दुसरं टोक समुद्रात सिमेंटच्या ठोकळ्याला बांधलेलं असतं. तो दोर बोटीच्या कडेकडेने चालत नाळेपर्यंत न्यायचा आणि ताण देऊन बांधायचा. तो दोर सैल पाण्यात असेपर्यंत गिअर न्यूट्रलमध्ये. इथेच घोळ होतो. घाबरून कप्तान पुढचा गिअर टाकतो, दोर बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात गुंडाळला जातो आणि मग चाकू घेऊन पाण्यात उतरायची वेळ. जुने हातमोजे ठेवा, त्या दोरावर शिंपल्यांची धार असते.

---

दीपस्तंभ

बोयाला माझा विरोध नाही, आंधळ्या विश्वासाला आहे. बोयाखालचा दोर, शॅकल (जोडणारी लोखंडी कडी) आणि ठोकळा पाण्यात असतात आणि त्यांची झीज वरून दिसत नाही. बांधल्यावर मास्क लावून खाली बघायचंच. दोर विरला असेल किंवा शॅकलची पिन तारेने बांधलेली नसेल तर दुसरा बोया.

बांधताना एकच लांब दोर डावीकडून कडीतून उजवीकडे ओवू नका. बोट झुलते तशी तो दोर करवतीसारखा कडीत घासतो आणि पहाटेपर्यंत अर्धा तुटलेला असतो. दोन वेगळे दोर घ्या. डाव्या क्लीटवरचा दोर कडीतून जाऊन परत डाव्या क्लीटवर, उजव्याचा उजव्यावर. लांबी इतकी की बोया नाळेला रात्रभर ठोकत बसणार नाही.

आणि नांगराचा सराव तरीही करा. बोये भरलेले असतात, खानावळीचा मालक फोन उचलत नाही, आणि जुगो आला की उघडा धक्का रात्री ११ वाजता सोडावा लागतो. रविवारी दुपारी शांत हवेत तीनदा टाका आणि काढा.

---

भाकरतुकडा

पाणी आणि पोटाकडे येऊ या, त्यावर कुणी बोललं नाही.

४० फुटी बोटीत पाण्याच्या टाक्या मिळून ३०० ते ४०० लिटर. निवांत वापरलं तर माणशी दिवसाला २५ लिटर सहज जातं, म्हणजे सहा जणांना दोन-अडीच दिवस. सवय लावली तर १० लिटरवर भागतं, तेव्हा ५-६ दिवस. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात खळखळून मग गोड्या पाण्याचा एक हात. अंघोळ म्हणजे समुद्रात पोहणं आणि पिछाडीच्या शॉवरने अर्ध्या मिनिटाचं विसळणं. पिण्याचं पाणी वेगळं, बाटल्यांतून माणशी रोज २ लिटर, म्हणजे पाच दिवसांना ६० लिटर. बेटांवर झरे नाहीत, घरं पावसाचं पाणी हौदात साठवतात, सप्टेंबरात ते तळाला गेलेलं असतं. खानावळीत ‘टाकी भरून द्या’ म्हणायचं नाही. उद्यानात पिश्केराला मरीना आहे, तिथे वीज आणि पाणी मर्यादित. झूतला दुसरी आहे, ती हद्दीबाहेर.

त्याहून अडचणीची टाकी म्हणजे संडासाची. तिचा व्हॉल्व्ह उद्यानात बंदच ठेवायचा, पाण्यात काहीही सोडायला मनाई आहे. टाकी साधारण ४० ते ८० लिटरची. इलेक्ट्रिक फ्लश एका वेळी २-३ लिटर घेतो. सहा माणसं, प्रत्येकी पाच वेळा, २ लिटरने धरलं तरी ६० लिटर, म्हणजे एका दिवसात भरली! दोन संडास असतील तर दोन दिवस. उपाय: लघवीच्या वेळी हातपंपाचे मोजके हिसके, खानावळीत गेल्यावर तिथली सोय वापरणं, आणि कागद भांड्यात न टाकता वेगळ्या पिशवीत. कागदाने व्हॉल्व्हचं तोंड तुंबलं की ते मोकळं करणारं माणूस उद्यानात मिळत नाही. आई-बाबांना हे पहिल्याच दिवशी नीट दाखवा, संकोचाने कुणी विचारत नाही आणि मग सगळ्यांच्या डोक्याला ताप.

कचऱ्याचे डबे बेटांवर नाहीत. सगळा परत आणायचा. म्हणून निघतानाच खोकी आणि वेष्टणं मरीनात काढून टाका.

वीज: फ्रिज हाच खादाड, दिवसाला ५० ते ६० अँपिअर-तास. रोज इंजिन दीड-दोन तास चाललं की भरपाई होते. एवढ्या लहान टप्प्यांत शिडावर गेलात तर इंजिन तेवढं चालत नाही, हे लक्षात ठेवा.

जेवण: गॅस ३ किलोच्या नळकांड्यावर, सहसा एक चालू एक भरलेलं. शेगडी झुलती, भांडं धरायला चिमटे असतात. ३ लिटरचा कुकर घेऊन जा, भात-डाळ एकाच वेळी होते, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. चालत्या बोटीत फोडणी घालायची नाही, तेल उडतं. सकाळी बोया सोडायच्या आधीच पोहे-उपमा उरकून घ्या. वापर झाला की सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साठून राहतो.

खानावळीत मासे आणि कोकराचं मांस हेच मुख्य. शाकाहाऱ्यांना ब्लित्वा (पालकासारखी पालेभाजी, बटाटा, लसूण, ऑलिव्ह तेल), भाजलेल्या भाज्या, मेंढीच्या दुधाचं चीज, टोमॅटोची कोशिंबीर, पाव. जागा राखताना फोनवरच सांगा म्हणजे ब्लित्वा वेगळ्या भांड्यात करतात. ते माशासोबतच द्यायची पद्धत आहे.

---

मिठागर

उतरून काय बघायचं त्याबद्दल थोडं. उद्यानात ८९ बेटं, बेटुकल्या आणि खडक, क्षेत्रफळ सुमारे २१७ चौरस किलोमीटर, त्यातला मोठा वाटा समुद्राचा. मुख्य कोर्नात बेट एकट्यानेच २५ किलोमीटर लांब. पहिल्या नजरेला उजाड वाटतं: चुनखडी, ठिपक्यांसारखी झुडपं आणि डोंगराच्या माथ्यापासून समुद्रापर्यंत सरळ उतरणाऱ्या दगडी भिंती. चुना-मातीशिवाय नुसते दगड रचून केलेल्या. त्या मुर्तेरच्या लोकांच्या मेंढ्यांच्या आणि ऑलिव्हच्या जमिनींच्या हद्दी आहेत. जमीन बहुतांश आजही त्यांच्याच मालकीची. भिंतीवर चढू नका, एक दगड निसटला की चार हात भिंत ढासळते. फाटक उघडलंत तर लावून घ्या.

पाहण्यासारखं: कोर्नातवरचा तुरेता किल्ला (६व्या शतकातला, बायझंटाइन), त्याच्या पायथ्याला तारात्सची छोटी चर्च आणि त्या भागातली दुर्मीळ सपाट शेतजमीन. चढ अर्ध्या तासाचा, आई-बाबांना जमेल, पण सकाळी १०च्या आत. सावली शून्य. चप्पल नको, चुनखडीची धार करवतीसारखी असते, जाड तळव्याचे बूट घाला. लाव्साच्या खाडीत उथळ पाण्यात जुन्या मिठागराच्या भिंती मास्क लावून दिसतात.

माना बेटाच्या कड्यावर जे ‘प्राचीन अवशेष’ दिसतात ते १९५९च्या सुमाराला चित्रपटासाठी उभारलेल्या सेटचे आहेत. ग्रीक मंदिर समजून फोटो काढणारे पुष्कळ. दृश्य मात्र तिथलं खरंच बघण्यासारखं.

बाहेरच्या रांगेतली बेटं खुल्या समुद्राच्या बाजूने उभी कापलेली आहेत. त्या कड्यांना ‘क्रुने’ म्हणतात. माना, राशिप वेली, क्लोबुचार यांचे कडे पाण्यातही तितकेच सरळ खाली जातात, म्हणून नांगराला तळच मिळत नाही. त्या बाजूने फक्त शांत दिवशी जा. थोडी जरी लाट असेल तरी ती कड्यावर आपटून परत फिरते आणि दोन्ही बाजूंच्या लाटांत बोट उसळते, वर कड्याच्या आडोशाला वारा पडलेला. शिडावर अवलंबून राहू नका, इंजिन चालू ठेवा. सहा जणांपैकी दोघांना तरी इथेच मळमळणार. गोळी अर्धा-एक तास आधी.

पुरारा आणि तिच्या लगतचे खडक कडक संरक्षित आहेत, तिकडे बोट न्यायची नाही, पोहायचंही नाही. नकाशावर हद्द आखलेली असते. मासेमारी परवान्याशिवाय बंद, टाकी लावून डायव्हिंग फक्त अधिकृत केंद्रांतर्फे, ड्रोन परवानगीशिवाय नाही. शिंपले उचलायचे नाहीत. पिना नोबिलिस हा हातभर लांबीचा पंख्यासारखा शिंपला २०१६पासून भूमध्य समुद्रात एका रोगाने झपाट्याने मेला. जिवंत उभा दिसला तर हात न लावता रेंजरना कळवा.

आग पेटवायची नाही, सिगारेटचं थोटूकसुद्धा फेकायचं नाही. ३० ऑगस्ट २००७ला कोर्नातवरच्या वणव्यात १२ अग्निशामक गेले. शिप्नातेच्या वर त्यांच्यासाठी रचलेले दगडी क्रूस आहेत. तिथे रेंजर या बाबतीत हसून सोडत नाहीत.

तेलाश्चिसात मीर हे खाऱ्या पाण्याचं तळं. समुद्राशी जमिनीखालच्या भेगांतून जोडलेलं, उन्हाळ्यात बाष्पीभवनाने समुद्रापेक्षा खारट होतं आणि पाणीही कोमट. गुडघेदुखीवाल्या ज्येष्ठांना तिथे तरंगायला फार आवडतं. बोयापासून तळ्यापर्यंत चालायला १० मिनिटं. पलीकडच्या बाजूला कडे, सगळ्यात उंच १६१ मीटर, कठडा नाही. काठावरची गाढवं मोकळी असतात, पिशवी हुंगायला येतात. त्यांना पोळी-बिस्किट देऊ नका.

---

आलेपाक

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक: आई-बाबांचा जर्मनीच्या भेटीचा शेंगेन व्हिसा सिंगल एंट्री आहे. म्युनिकहून गाडीने ऑस्ट्रिया-स्लोव्हेनियामार्गे येणार. अडचण?

---

खारावारा

क्रोएशिया १ जानेवारी २०२३पासून शेंगेनमध्ये आहे, चलनही युरो. त्यामुळे तो प्रवास आतल्या आत, एंट्री खर्ची पडत नाही. व्हिसाचे दिवस आणि विम्याची तारीख परतीच्या पुढे दोन-तीन दिवस जाते ना, तेवढं बघा. पासपोर्ट प्रत्येकाचा बोटीवर हवा, क्रू लिस्टमध्ये नाव असतं तेच पासपोर्टवर. वाटेत सीमेवर तपासणी होऊ शकते, तेव्हा पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत खोल ठेवू नका. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया दोन्हींचा टोलचा विन्येट (ठरावीक दिवसांचा रस्ता-पास) आधी ऑनलाइन काढा. क्रोएशियात विन्येट नाही, महामार्गाच्या नाक्यावर पैसे द्यायचे.

---

भाकरतुकडा

आणि आई-बाबांना चढायला-उतरायला: धक्क्यावरची फळी ३०-४० सेंटिमीटर रुंद असते, हलते, कठडा नसतो. पिछाडीच्या उंच खांबापासून धक्क्यावरच्या माणसाच्या हातात एक दोर ताणून धरा, त्याचा आधार पुरतो. चार्टर कंपनीकडे रुंद फळी मागितली तर मिळते, पण आधी ईमेल करून. शनिवारी संध्याकाळी मागितली तर शिल्लक नसते.